दुखणे फडातले, शस्त्रक्रिया गावाकडची



दसरा उलटला, दिवाळी तोंडावर आली, की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. मालमोटारी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येतात. त्यांत हंडे, पत्र्याच्या पेट्या, गोधड्यांची गाठोडी, दोन-चार शेळ्या, आणि त्या साऱ्या पसाऱ्यावर बसलेली माणसे. कोणी सोमेश्वरला उतरतात, कोणी माळेगावला, कोणी भवानीनगरला. काही पुढे बिजवडी, शहाजीनगरपर्यंत जातात. चार दिवसांत कारखान्यांच्या भोवताली आणि गावोगावच्या माळांवर कोप्या उभ्या राहतात. आपण म्हणतो, "टोळी आली." ज्याच्या उसाला तुरा फुटू लागलेला असतो त्याच्या जिवात जीव येतो.

टोळी आली की मुकादमाला आपला पहिला प्रश्न असतो, "कोयते किती?" माणसे किती, असे आपण विचारत नाही. जे गुरुजी किंवा बाई शहराकडून बदलून आल्या असतील त्यांच्यासाठी सांगतो, एक कोयता म्हणजे एक जोडपे. नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने वाढे छाटून मोळ्या बांधायच्या, आणि दोघांनी त्या डोक्यावरून वाहून गाडी भरायची. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. हंगामाच्या आधी, पावसाळ्याच्या दिवसांत, मुकादम जे पैसे आगाऊ देतो त्याला उचल म्हणतात, आणि ती कोयत्यावर मिळते. घरचे लग्नकार्य, आजारपण, किराणा यांत ती दसऱ्यापूर्वीच संपलेली असते. पुढचे पाच-सहा महिने राबायचे ते ती फेडण्यासाठी. फिटली नाही, तर राहिलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते.

या कोयत्यातल्या बाईविषयी मला आज बोलायचे आहे. आणि तिच्या ज्या अवयवाविषयी बोलायचे आहे त्याला पुस्तकात गर्भाशय म्हणतात, बाया नुसते "पिशवी" म्हणतात. मीही पिशवीच म्हणेन. हा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, आणि पुरुषाने तर मुळीच नाही, असे कोणाला वाटेल. मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस आहे, डॉक्टर नव्हे. परंतु या दुखण्यात वैद्यकी जेवढी आहे तेवढेच अर्थशास्त्र आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

२०१९ सालच्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या पुष्कळ बायांची पिशवी ऐन पंचविशी-तिशीत काढून टाकलेली आहे. विधिमंडळात प्रश्न निघाला. तीन वर्षांत जिल्ह्यात अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे सरकारने सांगितले, आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मग जिल्ह्यात पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायांना विचारले. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा! त्याच्या तीन-चार वर्षे आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण साऱ्या देशात शंभरी तीनच्या आसपास होते, महाराष्ट्रात तिनाच्याही खाली. दोन पाहण्यांची मोजदाद अगदी सारखी नसते, हे मान्य. पण तीन आणि सतरा यांतला फरक मोजदादीच्या फरकाने पडत नाही.

आता पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया वाईटच असते असे नव्हे. कर्करोग झाला, मोठ्या गाठी झाल्या, अंग फार बाहेर येऊ लागले, रक्तस्राव कोणत्याच औषधाने थांबेना, तर तीच बाईचा जीव वाचवते. पण अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळी अनियमित होणे यांवर पहिला उपाय पिशवी काढणे हा नव्हे. त्यांतली पुष्कळ दुखणी जंतुसंसर्गाची असतात आणि वेळेवर मिळालेल्या गोळ्यांनी बरी होतात. शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले, तर बाईला पंचविशीत पन्नाशी गाठते. अंगाची लाही होते, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याच्या वयातली ही लक्षणे लवकर येऊ शकतात. आणि एवढे झाल्यावर त्या बाईला विश्रांती थोडीच असते? पुढच्या दसऱ्याला पुन्हा तीच मोळी डोक्यावर.

मग ती तयार का होते? माझ्या डोळ्यांसमोरची हकीकत सांगतो.

माझे घर इंदापूर तालुक्यातले. नोकरी बारामतीला, पण घरचा तीन एकर ऊस अजून आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या फडात टोळी लागली होती. दुपारी मी गेलो, तो एक तरुण बाई पोटाशी गुडघे घेऊन बांधावर बसलेली. मुकादमाला विचारले. तो म्हणाला, "काही नाही सर, बायांचं नेहमीचंच." तिने मला विचारले, "दादा, इथं जवळ दवाखाना कुठंय?" प्राथमिक आरोग्य केंद्र होते सहा किलोमीटरवर. मी तिला रस्ता सांगितला. आणि लगेच मुकादमाला काय म्हणालो, तेही सांगायला हवे. म्हणालो, "गाडी आज भरलीच पाहिजे हो, स्लीप आजची आहे." मोटारसायकल बांधालाच उभी होती. तिला दवाखान्यात नेऊन आणायला तासभर पुरला असता. पण माझे लक्ष उसाच्या वजनाकडे. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वजन घटते, हे आपल्याला लहानपणापासून पाठ असते.

ती दवाखान्यात गेली नाही. जाणार कशी? टोळी पहाटे अंधारात फडात उतरते, संध्याकाळी कोपीवर येते. गाडी उशिरा आली तर रात्रीही भरावी लागते. आरोग्य केंद्रातली तपासणी सकाळची. म्हणजे दवाखाना गाठायचा तर दिवस बुडवायचा, आणि बुडालेल्या दिवसाला खाडा म्हणतात. खाड्याची मजुरी तर मिळत नाहीच, वर दंड लागतो. दंड एकटीला नाही, कोयत्याला. कारण बाई बसली की नवऱ्याचेही काम अडते. पाळीचे दोन-तीन दिवस, महिन्याला, असे पाच-सहा महिने धरा. तुमच्या वर्गातल्या सातवीच्या मुलांना हे गणित घाला. उचलीच्या फेडीत किती भगदाड पडते ते दिसेल.

त्यात भर राहण्याची. कोपी म्हणजे बांबूवर कापड नाहीतर प्लास्टिक. न्हाणी नाही, संडास नाही. पाळीचे कापड धुवायचे तर पाणी कालव्याचे किंवा चारीचे, आणि वाळवायचे कोपीतल्या अंधारात, कोणाच्या नजरेला पडणार नाही असे. ओले कापड, दिवसभर डोक्यावर ओझे, उघड्यावर जायला नको म्हणून पाणीच कमी प्यायचे. यातून दुखणे उद्‌भवले नाही तरच नवल.

दोन वर्षांनी ती बाई पुन्हा आमच्या फडात दिसली. या खेपेला माझ्या पत्नीने तिची विचारपूस केली. म्हणाली, "पिशवी काढली बाई. उन्हाळ्यात. आता पाळीची कटकट नाही." वय विचारले तर सव्वीस-सत्तावीस. लग्न पंधराव्या वर्षी, पाठोपाठ तीन लेकरे. गावाकडे तालुक्याच्या एका डॉक्टराने सांगितले होते की पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. पैसे कोठून आले? मुकादमाने दिले, उचल वाढवून! म्हणजे दुखणे गेले म्हणावे, तर कंबर धरते, रात्री अंग भाजते अशी तिची तक्रार होतीच. आणि कर्ज मात्र वाढले. पाळीच्या खाड्यातून सुटावे म्हणून जी शस्त्रक्रिया केली, तिची फेड करायला तिला आणखी एक हंगाम बांधून घ्यावे लागले.

मी अर्थशास्त्राच्या वर्गात विवेकी निवड म्हणून जे शिकवतो, त्यात या बाईची निवड बरोबर बसते, हे माझ्या ध्यानात आले आणि मन अस्वस्थ झाले. ती अडाणी म्हणून फसली, असे म्हणणे सोपे आहे. तिने हिशेब केला होता, आणि तो तिच्या अटींवर चुकीचा नव्हता. त्या अटी मात्र तिने घातलेल्या नव्हत्या. त्यांतल्या काही माझ्या बांधावर घातल्या गेल्या होत्या.

ही गोष्ट थांबवायची ठरवले तर मध्ये काय काय आडवे येते, हे समजायला जरा दूरचे उदाहरण घेऊ. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत लहान मुलींच्या गुह्यांगाचा भाग कापण्याची जुनी चाल आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने २०२४ साली दिलेल्या हिशेबाप्रमाणे आज जगात २३ कोटींहून अधिक मुली आणि स्त्रिया हे भोगून बसलेल्या आहेत; त्यांत आशियातल्याही आहेत. आपल्याकडे दाऊदी बोहरा समाजातल्या काही स्त्रियांनीच अशा चालीविरुद्ध उघड बोलायला सुरुवात केली. २०१७ साली प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१८ साली तो मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. आफ्रिकेतली पुष्कळ कुटुंबे पोटासाठी इंग्लंड-फ्रान्सात जाऊन राहिली. इंग्लंडने १९८५ सालीच ही गोष्ट गुन्हा ठरवली. तरी चाल संपली नाही. का? कारण मुलगी राहते लंडनला आणि कापली जाते मूळ देशात. शाळेला लांब सुट्टी लागली की तिला आजीच्या गावी नेतात; सुट्टी संपल्यावर ती वर्गात येऊन बसते, तेव्हा सारे उरकलेले असते. २००३ साली कायदा कडक करून परदेशी नेऊन करणेही गुन्ह्यात घातले. तरी तिकडच्या न्यायालयात पहिली व्यक्ती दोषी ठरली ती २०१९ साली. पहिला कायदा झाल्यापासून चौतीस वर्षांनी!

आणि मुलीला नेते कोण? आईच नेते. वैरी म्हणून नव्हे. आपल्या मुलीला नावे ठेवतील, तिचे लग्न होणार नाही, या काळजीने नेते. एकट्या आईने नाही म्हणायचे ठरवले, तर तिच्याच लेकीचे नुकसान होते. म्हणून सेनेगल देशातल्या मालिकुंडा बांबारा या गावच्या बायांनी १९९७ साली जे केले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी एकटीदुकटीने नव्हे, तर गावाने मिळून ही चाल सोडल्याचे जाहीर केले. नंतर ज्या गावांशी सोयरीक होते त्या गावांना बरोबर घेऊन शपथा झाल्या. मुली द्यायच्या-घ्यायच्या त्या सगळ्या घरांनी एकदम सोडले, तरच कोणाचे अडत नाही.

ऊसतोड बाईचे दुखणे आणि ही चाल एक नव्हेत, हे खरे. तिकडे परंपरा आहे, इकडे परंपरा बिरंपरा काही नाही. गेल्या काही दशकांत, खाजगी दवाखाने तालुक्या-तालुक्याला झाल्यावर, पडलेली ही सवय आहे. तिकडे लहान मुली, इकडे लेकुरवाळ्या बाया. पण अडचणीचा सांगाडा पाहा. कापणे होते एका ठिकाणी, त्याचे कारण राहते दुसऱ्या ठिकाणी, आणि कायद्याचा हात एका वेळी एकाच ठिकाणी पोहोचतो.

बातम्यांचा गवगवा झाल्यावर बीड जिल्ह्यात नियम झाला की, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्याने पिशवी काढू नये. टोळ्या जाण्यापूर्वी आणि आल्यानंतर बायांची तपासणी करावी, असेही ठरले. ही चांगली पावले आहेत. त्यांनी मनमानीला आळा बसला. पण जूनमध्ये, २०२५ साली, पुन्हा बातमी आली: त्या हंगामाला निघण्यापूर्वी पिशवी काढलेल्या ऊसतोड बाया ८४३, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक तीस ते पस्तीस वयाच्या. परवानगीचा कागद शस्त्रक्रिया गरजेची आहे का, एवढे तपासतो. हा कागद पाहणारा डॉक्टर बीडला बसतो. ती बाई सहा महिने कोठे होती, तिला पाणी होते का, सुरुवातीच्या दुखण्यावर गोळ्या का मिळाल्या नाहीत, हे त्या कागदावर कोठेच येत नाही. ते सगळे आपल्याकडे घडलेले असते. दुखणे कोवळे असते तेव्हा ती बारामती-इंदापुरात असते. पिकते तेव्हा ती गावाकडे जाते. बीडचा डॉक्टर पाहतो तो पिकलेला आजार.

हे बीडपुरतेही नाही. राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात, बिहारात आणि छत्तीसगडात गरीब बायांच्या पिशव्या विनाकारण काढल्याची प्रकरणे त्यापूर्वीच निघाली होती. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला, आणि केंद्राने २०२२ साली केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणा असे राज्यांना सांगितले. डॉक्टराच्या चाकूवर नजर ठेवायची व्यवस्था त्यातून होईल. उसाच्या फडावर कोणाची नजर?

या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण त्या बाईचा मालक कोण हेच कोणी सांगत नाही. कारखान्याला विचारा. तो म्हणतो, आमचा करार मुकादमाशी नाहीतर वाहतूकदाराशी. मजूर आमचे नव्हेत. मुकादम म्हणतो, मी उचल आणून देणारा मध्यस्थ. माझेच पैसे बुडवून टोळ्या पळतात. (हेही खोटे नाही. पुष्कळ मुकादम कर्जात बुडाले आहेत.) शेतकरी म्हणतो, मी तर सभासद, तोडणीचे पैसे माझ्या बिलातून कापले जातात, वर टोळीला खुशाली द्यावी लागते. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे, आणि बाई मात्र कोणाचीच नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. चांगले झाले. पण दर टनावर असतो, आणि कोयत्याचा म्हणून नवऱ्याच्या नावावर मांडला जातो. निम्मे काम करणाऱ्या बाईचे नाव हिशेबाच्या वहीत बहुधा नसतेच. जिचे नाव वहीत नाही, तिला रजा कोणी द्यायची?

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ झाले आहे. कारखान्यांनी गाळलेल्या टनामागे दहा रुपये द्यावेत आणि तितकेच सरकारने घालावेत, अशी त्याची योजना. २०२१ साली या मजुरांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहेही मंजूर झाली. ती जेथे नीट चालतात तेथे त्यांचा उपयोग आहे, विशेषतः मुलींना.

मुलींचे नाव निघाले म्हणून शिक्षक मंडळींशी दोन शब्द. पिशवीची ही गोष्ट पंचविशीत सुरू होत नाही, तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू होते. आईबाप तोडीला निघाले की वयात आलेली मुलगी ठेवायची कोठे? गावात एकटी ठेवायची भीती, कोपीत आणायची त्याहून भीती. शिवाय लग्न झाले की एक नवा कोयता तयार होतो आणि त्यावर उचल मिळते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात शंभरी बावीस होत्या, तर बीड जिल्ह्यात चव्वेचाळीसच्या जवळ. पंधराव्या वर्षी लग्न, विशीपर्यंत दोन-तीन बाळंतपणे, मग नसबंदी, मग अंगावर काढलेली दुखणी, मग "आता पिशवीचं काय काम?" अशी ही वाट आहे. आमच्या फडातली ती बाई याच वाटेने आली होती.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली गावात ग्रामसेवकावर लग्न थांबवण्याची जबाबदारी आहे. पण येथेही तीच अडचण. लग्न ठरते तिकडे आणि पुष्कळदा लागते इकडे, हंगामात, कोप्यांच्या तळावर. तिकडचा ग्रामसेवक म्हणतो, कुटुंब गावात नाही. इकडच्याला तळावरच्या मुलीचे नाव ठाऊक नसते, वय तर दूरच. मुलीचा जन्मदाखला असतो शाळेत, तीही तिकडच्या.

म्हणून गुरुजी आणि बाई, तुमच्याकडे आहे ते कोणाकडेच नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते घेऊन मूल आले की आपल्या वर्गात बसवायचे असते. सहावी-सातवीची मुलगी कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळताना दिसली, तर तिचे नाव, तिच्या शाळेचे नाव लिहून घ्या, आणि त्या शाळेतल्या गुरुजींना फोन करा. पटावर घेतलेली मुलगी चार दिवस आली नाही तर तळावर जा. इंग्लंडमध्ये २०१५ पासून शिक्षकांवर कायद्यानेच असे बंधन घातले आहे की, मुलीच्या बाबतीत हा प्रकार झाल्याचे कळले तर पोलिसांना कळवलेच पाहिजे. आपल्याला पोलिसांपासून सुरुवात करायचे कारण नाही. बालविवाहाची कुणकुण लागली तर १०९८ हा लहान मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. पण बहुतेक वेळा आईशी बोलणे पुरते. मुलीची राहण्या-जेवण्याची सोय होते असे कळले, तर लग्न पुढे ढकलणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

बोलण्याची रीत मात्र जपायला हवी. २०१९ नंतर बीडच्या काही गावांत देशोदेशीचे बातमीदार येऊन गेले. बातम्या आल्या म्हणून समिती झाली, हे उपकार मानलेच पाहिजेत. पण पिशवी नसलेल्या बायांची गावे, असे त्या गावांचे नाव पडले. मग बाया दार लावून घेऊ लागल्या. त्यांची चूक काय? युरोपातही अनुभव हाच. एखाद्या समाजाकडे नुसते संशयाने पाहू लागले की आतून बदलू पाहणाऱ्या बायाही गप्प होतात. आपण तळावर जाऊन "तुमच्यात किती जणींची काढली?" असे विचारू नये. "पाणी कोठून आणता?" असे विचारावे. बाकीचे त्या आपणहून सांगतात, बायांना सांगतात.

आता आपल्या बांधाकडे येऊ. टोळी कारखान्याची, हे म्हणणे बाजूला ठेवले तर आपल्याला काय जमते? आपल्या विहिरीचे पाणी तोडवाल्या बायांना मोकळे करता येते. आडोसा करता येतो. ग्रामपंचायतीला ठराव करून आरोग्य केंद्राकडे मागणी करता येते की, हंगामात आठवड्यातून एक संध्याकाळ परिचारिका आणि आशाताईंनी तळावर यावे. सकाळी नाही, संध्याकाळी. ज्यांना सभेत बोलायची सवय आहे अशा सभासदांनी कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसाचा दंड आपल्या कारखान्याच्या टोळ्यांत लागतो काय? लागत असेल तर कराराच्या कागदात तो बंद करा. हे एका कारखान्याने केले तर मुकादम कुरकुरतील, टोळी दुसरीकडे वळवण्याची धमकी देतील. नीरेच्या आणि भीमेच्या काठच्या सगळ्या कारखान्यांनी एकदम केले तर टोळी वळवायची कोठे? सेनेगलच्या बायांनी सोयरिकीच्या गावांचे जे केले तेच हे.

मी स्वतः फार काही केले असे नाही. गेल्या हंगामात आमच्या विहिरीजवळ पत्र्याची एक न्हाणी आणि संडास उभा केला. पहिले आठ दिवस कोणी तिकडे फिरकले नाही. मालकाच्या घरचा आहे, असे वाटले असावे. मग माझ्या पत्नीने दोघीतिघींना नेऊन कडी आतून लागते ते दाखवले. दुसऱ्या दिवसापासून पहाटे रांग लागू लागली. त्याच आठवड्यात मुकादम मला भेटला आणि म्हणाला, "सर, याचे पैसे टोळीच्या हिशेबातून कापायचे का?"

मी नाही म्हणून सांगितले. तो जरा वेळ तसाच उभा राहिला, मग गाडी भरायला निघून गेला. संध्याकाळी शेजारचे बागाईतदार येऊन न्हाणीभोवती फिरून पाहून गेले. पत्रे किती लागले, एवढेच त्यांनी विचारले.